सुरीची धार आणि लोहाराचा हात



कोणताही माल विकताना विक्रेता प्रथम त्याचे गुण सांगतो. जपानमध्ये कार्बन पोलादाची हातघडणीची सुरी विकणाऱ्याला मात्र प्रथम तिचा दोष सांगावा लागतो. ही सुरी गंजते. वापरून झाली की लगेच धुवावी, कोरडी पुसावी. ओली ठेवून झोपी गेले तर सकाळी पात्यावर तांबूस डाग उमटलेले दिसतील. हाडे, गोठलेले पदार्थ वा कठीण कवच तिने फोडू नये, धारेचा टवका उडेल. बोथट झाली तर दगडावर स्वतः घासून तिला धार लावावी. इतक्या अटी ऐकूनही ग्राहक ती घेतो. नामांकित कारागिराची सुरी असेल तर युरोप-अमेरिकेतील व्यावसायिक आचारी तिच्यासाठी कित्येक महिने थांबायला तयार असतात. न गंजणारी, स्वस्त आणि कसलीही निगा न मागणारी सुरी कोणत्याही दुकानात मिळत असताना असे का घडावे, हा आजच्या विषयाचा गाभा आहे.

उत्तराचा पहिला भाग धातुशास्त्राचा आहे, आणि तो थोडक्यात पाहता येईल. लोखंडात कार्बनचे अल्प प्रमाण मिसळले की पोलाद होते. जपानी सुऱ्यांसाठी वापरले जाणारे पोलाद मुख्यतः शिमाने प्रांतातील यासुगी येथे तयार होते. पूर्वी हिताची मेटल्स या नावाने ओळखली जाणारी कंपनी ते बनवीत असे. २०२३ पासून त्या कंपनीचे नाव प्रोटेरियल झाले आहे. या पोलादाच्या दोन प्रमुख जाती म्हणजे ‘शिरोगामी’ आणि ‘आओगामी’. शब्दशः अर्थ पांढरा कागद आणि निळा कागद. ही नावे ऐकून कुणी त्यांत गूढ अर्थ शोधू लागेल. प्रत्यक्षात पोलादाच्या पट्ट्या ज्या रंगाच्या कागदात गुंडाळल्या जात, त्या कागदाचे हे रंग. पांढऱ्या जातीत लोखंड आणि कार्बन यांखेरीज फारसे काही नसते. गंधक आणि स्फुरद यांसारखी अशुद्ध द्रव्ये अत्यल्प असतात. तिच्या दोन क्रमांकाच्या प्रतीत कार्बन १.०५ ते १.१५ टक्के असतो. निळ्या जातीत थोडे क्रोमियम आणि टंगस्टन घातलेले असते, त्यामुळे धार अधिक काळ टिकते. तरीही ज्याला सुरेख धार लावण्याची खरी हौस आहे असा जुना आचारी बहुधा पांढरीच पसंत करतो.

स्टेनलेस पोलादात क्रोमियमचे प्रमाण किमान साडेदहा टक्के असते. त्याचा सूक्ष्म थर हवेशी संयोग पावून पात्याचे गंजापासून रक्षण करतो. परंतु हेच क्रोमियम कार्बनशी मिळून पोलादात कठीण, जाडसर कण निर्माण करते. दगडावर घासताना हे कण आडवे येतात आणि धार अगदी बारीक होण्याच्या आधीच तुटून सुटतात. भुकटीपासून तयार केलेली आधुनिक स्टेनलेस पोलादे या बाबतीत पुष्कळ सुधारली आहेत, हे प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे. पण साध्या कार्बन पोलादाची घडण मुळातच बारीक कणांची असते. ते दगडाला लवकर वश होते, आणि पुरेसे कठीण असल्यामुळे अतिशय पातळ धारही दुमडत नाही. एका ओळीत सांगायचे तर, जो गुण त्या सुरीला तीक्ष्ण करतो त्याचीच दुसरी बाजू तिचा गंज आहे.

उत्तराचा दुसरा भाग शब्दात दडला आहे. जपानी भाषेत स्वयंपाकाच्या सुरीला ‘होचो’ म्हणतात. हे मुळात एका माणसाचे नाव. इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकातील चिनी तत्त्वज्ञ च्वांग-त्सु याच्या नावाने चालत आलेल्या ग्रंथात पाओ-दिंग नावाच्या आचाऱ्याची कथा आहे. त्या नावातील चिनी अक्षरांचा जपानी उच्चार म्हणजे होचो. जनावराचे सांधे वेगळे करताना या आचाऱ्याचे हात, खांदे, पाय सारे जणू नृत्याच्या लयीत चालत. राजाने कौतुक केले तेव्हा त्याने आपल्या सुरीचा इतिहास सांगितला. सामान्य आचाऱ्याला दर महिन्याला नवी सुरी लागते, कारण तो तोडतो. चांगल्या आचाऱ्याला वर्षाला एक लागते, कारण तो कापतो. पाओ-दिंगची सुरी मात्र एकोणीस वर्षांची होती आणि धार दगडावरून नुकतीच उतरल्यासारखी होती. कारण जिथे मुळात पोकळी आहे तिथेच तो पाते सरकवीत असे. एखाद्या हत्याराला ते उत्तम वापरणाऱ्याचे नाव मिळावे, घडविणाऱ्याचे वा राजाचे नव्हे, ही गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे. जपानच्या दरबारी परंपरेत पुढे ‘होचो-शिकी’ नावाचा विधीही रूढ झाला. त्यात आचारी एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात धातूच्या लांब काड्या घेऊन, हाताचा स्पर्श न करता मासा कापून मांडतो.

आता या सुऱ्यांच्या उगमाकडे वळले की एक लोकप्रिय समजूत आडवी येते. प्रत्येक जपानी सुरी ही सामुराईच्या तलवारीची लेक, असे जाहिरातींतून सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. १८७६ मध्ये मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी केली, तेव्हा अनेक तलवारकारांची भट्टी थंडावली आणि त्यांतील कित्येक जण सुऱ्या आणि शेतीची अवजारे करू लागले. क्योतोच्या निशिकी बाजारातील आरित्सुगु ही पेढी तर १५६० मध्ये एका तलवारकारानेच स्थापन केली. आज तेथे विकत घेतलेल्या सुरीवर ग्राहकाचे नाव छिन्नीने कोरून देतात. पण बहुसंख्य केंद्रांची मुळे रणांगणात नव्हे, शेतात आणि बाजारात आहेत.

ओसाकाजवळचे साकाई हे बंदर पाहा. या शहरात सम्राट निन्तोकु याचे म्हणून मानले जाणारे, पाचव्या शतकातील ४८६ मीटर लांबीचे प्रचंड समाधिस्थान आहे. अशा समाध्या उभारताना लागणाऱ्या अवजारांसाठी लोहार येथे वसले, असे परंपरा सांगते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली, पाठोपाठ तंबाखू आली. साकाईच्या लोहारांनी दोन्ही गोष्टी हेरल्या. जपानी माणूस लहान तोंडाच्या चिलमीत केसासारखी बारीक कातरलेली तंबाखू ओढत असे, आणि तशी कातरणी करायला अत्यंत तीक्ष्ण सुरी लागे. साकाईची तंबाखूची सुरी इतकी नावाजली की तोकुगावा शोगुनशाहीने तिच्यावर ‘साकाई किवामे’ ही उत्कृष्टतेची मुद्रा उमटविण्यास मान्यता दिली आणि तिची विक्री आपल्या संरक्षणाखाली घेतली. ज्या सुरीने आज जगभरचे आचारी हरखून जातात तिची पूर्वज अशी तंबाखूच्या पानांवर चालत होती.

फुकुई प्रांतातील एचिझेनची कथा १३३७ पासून सांगतात. कुनियासु नावाचा क्योतोचा तलवारकार चांगल्या पाण्याच्या शोधात तेथे आला आणि तलवारींबरोबरच भोवतालच्या शेतकऱ्यांसाठी विळे करू लागला. पुढे लाखेच्या झाडांचा चीक गोळा करीत गावोगाव फिरणाऱ्या लोकांनी हे विळे देशभर नेऊन विकले. निईगाता प्रांतातील सान्जोचा उगम तर त्याहून साधा आहे. इकाराशी नदीच्या पुरांनी गांजलेल्या शेतकऱ्यांना सतराव्या शतकाच्या आरंभी जोडधंदा म्हणून खिळे घडविणे शिकविले गेले. खिळ्यांवरून कोयते, करवती आणि शेवटी सुऱ्या. तलवारीचा वारसा सांगितला की मालाला भाव येतो हे खरे. पण पूरग्रस्त शेतकऱ्याने खिळा ठोकता ठोकता जगातील उत्तम सुरीपर्यंत मजल मारली, ही कथा अधिक मोठी नव्हे काय?

सुरी घडते कशी, हे आता सविस्तर पाहिले पाहिजे. पारंपरिक पात्यात दोन धातू असतात. एक ‘जिगाने’, म्हणजे मऊ लोखंड. दुसरे ‘हागाने’, म्हणजे धारेचे कठीण पोलाद. लोहार मऊ लोखंडाची पट्टी तापवितो, तिच्यावर टाकणखार आणि लोखंडाचा कीस यांचे मिश्रण पसरतो, वर पोलादाची पट्टी ठेवतो आणि भट्टीतून काढून घणाखाली घालतो. दोन्ही धातू एकजीव होतात. मऊ लोखंड धक्का सोसते, कठीण पोलाद कापते. सगळे पाते कठीण पोलादाचे केले तर ते अधिक काळ धार धरते, पण ठिसूळ असते आणि घडविताना फुटते. अशा ‘होन्याकी’ सुऱ्या फारच थोडे लोहार करतात आणि त्यांची किंमतही तशीच असते.

येथे ‘हातघडणीची’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट करणे आवश्यक आहे. बहुतेक कारखान्यांत विजेवर चालणारा यांत्रिक घण असतो. पोलादही जुन्या ‘तातारा’ भट्टीतले नसते. तातारा ही काळ्या लोहवाळूपासून कोळशाच्या साह्याने तीन दिवस आणि तीन रात्री अखंड पोलाद गाळण्याची जुनी पद्धत. ती दुसऱ्या महायुद्धानंतर बंद पडली होती आणि १९७७ मध्ये शिमानेच्या डोंगराळ भागात पुन्हा सुरू झाली. पण तेथील पोलाद तलवारकारांसाठी राखलेले असते. स्वयंपाकाच्या सुरीचे पोलाद आधुनिक कारखान्यातून येते. मग हातघडणीचे काय उरले? उरला निर्णय. यांत्रिक घणाखाली पाते कुठे सरकवायचे, किती ठोके, कोणत्या उष्णतेला थांबायचे, हे यंत्राला ठाऊक नसते. तापमान फार वाढले तर पोलादाचा कण जाड होतो आणि सुरी कायमची बिघडते, तेही वरून काही न दिसता. एचिझेनचे कारागीर दोन पाती एकमेकांवर ठेवून एकदम ठोकतात. त्यामुळे पाती लवकर थंड होत नाहीत आणि कमी तापमानात पातळ करता येतात. ही युक्ती पुस्तकातून नव्हे, पिढ्यांच्या सरावातून आली.

सर्वांत कठीण क्षण पाणी देण्याचा. त्या वेळी भट्टीची खोली अंधारी ठेवतात, कारण पोलादाचा रंग उजेडात नीट ओळखता येत नाही. पात्यावर मातीचा पातळ लेप दिलेला असतो, जेणेकरून पाण्यात बुडविताच वाफेचे बुडबुडे पात्याला चिकटून राहू नयेत आणि ते सगळीकडे सारखे निवावे. सुमारे आठशे अंश सेल्सिअसचा तो विशिष्ट लाल रंग दिसला की पाते क्षणात पाण्यात. पोलाद काचेसारखे कठीण होते, पण तितकेच ठिसूळ. मग सुमारे दीडशे ते दोनशे अंशांवर पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करतात. एवढे करूनही पाते वाकते. लोहार ते हातोडीने हलकेच सरळ करतो. तडा गेला तर कित्येक तासांचे काम भंगारात.

साकाईत लोहाराचे काम येथे संपते. त्याच्या हातून बाहेर पडते ते काळसर, जाड, बिनधारेचे पाते. ते दुसऱ्या घरी, धार लावणाऱ्याकडे जाते. तो फिरत्या दगडांवर पाते पातळ करतो, पाठीमागची बाजू किंचित खोलगट करतो, जेणेकरून कापलेला पदार्थ पात्याला चिकटणार नाही. मधूनमधून लोहाराने ठेवलेला बाक दुरुस्त करतो आणि शेवटी बारीक दगडावर धार आणतो. मग तिसरा कारागीर मूठ बसवितो. मूठ होनोकी लाकडाची, जे वृक्षशास्त्रानुसार सोनचाफ्याच्या गोत्रातले आहे, आणि तिच्या तोंडाशी म्हशीच्या शिंगाचे कडे. पात्याची शेपटी तापवून ती लाकडात जाळत बसवितात. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याचे काम करीत नाही. लोहार आयुष्यभर लोहारच, धारकरी आयुष्यभर धारकरी. प्रत्येकाला दुसऱ्याची चूक पहिल्या दृष्टीतच कळते, आणि आपली चूक पुढच्या घरी पकडली जाईल हेही ठाऊक असते.

असे पाते हाती आल्यावर आचारी काय करतो? ‘उसुबा’ नावाची भाजीची सुरी घेऊन तो मुळ्याचा चार बोटे लांब तुकडा हातात धरतो आणि गोल गोल फिरवीत त्याची अखंड पट्टी सोलत जातो, इतकी पातळ की तिच्यातून अक्षरे दिसावीत. या कौशल्याला ‘कात्सुरामुकी’ म्हणतात, आणि शिकाऊ आचाऱ्याची कित्येक महिने त्यावरच परीक्षा होते. क्योतोच्या गिओन उत्सवाच्या दिवसांत ‘हामो’ नावाचा सर्पाकृती, अगणित काट्यांचा मासा खाल्ला जातो. त्याचे काटे काढता येत नाहीत. म्हणून कातडी शाबूत ठेवून मांसात तीन सेंटिमीटरला सुमारे चोवीस काप घेतात आणि काटे जिभेला लागणार नाहीत इतके बारीक करतात. प्रत्येक कामाला वेगळी सुरी. ओसाका-क्योतोकडची मासे कापण्याची सुरी विलोच्या पानासारखी टोकदार, तोक्योकडची चौकोनी टोकाची. सर्वसाधारण घरात मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेली ‘सान्तोकू’ किंवा भाजीची चौकोनी ‘नाकिरी’ एवढ्यावर भागते. आपल्याकडे विळीवर बसून भाजी पात्याकडे नेण्याची रीत. तिकडे पाते भाजीकडे येते. कच्ची केळी विळीवर काळी पडतात हे ज्या गृहिणीने पाहिले आहे, तिला कार्बन पोलादाचा स्वभाव वेगळा समजावून सांगायला नको.

आता निगा. नवी सुरी चकचकीत असते. कांदा, टोमॅटो, लिंबू कापता कापता तिच्यावर निळसर-करडी झाक चढते. हा गंज नव्हे. तांबड्या गंजापासून पात्याला थोडेफार वाचविणारा तो थर आहे, आणि प्रत्येक घरातल्या सुरीवर तो वेगळा उमटतो. धार उतरली की पाण्यात भिजविलेला दगड पुढ्यात घ्यायचा. आधी हजार क्रमांकाचा, मग बारीक. मनगट स्थिर, कोन एकच, घाई नाही. पात्याच्या दुसऱ्या बाजूला धातूची सूक्ष्म कड बोटाला जाणवली की बाजू बदलायची. सोटो झेन पंथाचा प्रवर्तक दोगेन याने १२३७ मध्ये मठाच्या आचाऱ्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. भांडी-उपकरणे आदराने हाताळावीत, उंच ठेवायची ती उंच आणि खाली ठेवायची ती खाली, इतक्या बारकाईने तो सूचना देतो. ज्या देशात स्वयंपाकघराचा विचार आठशे वर्षांपूर्वी या पातळीवर झाला, तेथे सुरी पुसून ठेवण्याची सूचना ग्राहकाला जाच वाटली नाही.

या सुरीचे खरे आकर्षण येथेच शोधले पाहिजे. यंत्राने केलेली वस्तू ग्राहकाला मोकळे सोडते: वापरा, बोथट झाली की टाका. ही सुरी त्याला बांधून घेते. लोहार, धारकरी, मूठकरी यांच्यानंतर चौथा कारागीर म्हणजे ती वापरणारा. त्याने दगड हाती घेतला नाही तर आधीच्या तिघांचे काम सहा महिन्यांत व्यर्थ जाते. उत्तम सुरी वीस-तीस वर्षे घासून घासून अर्ध्या रुंदीची होते आणि तरीही कापत राहते. जुन्या आचाऱ्यांच्या पेटीत अशा झिजलेल्या सुऱ्या असतात, आणि नव्या सुरीपेक्षा त्यांचाच मान अधिक असतो.

मात्र ही साखळी आज ताणली गेली आहे. साकाईतील अनेक निष्णात लोहार आणि धारकरी साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. भट्टीची धग, दगडाचा चिखल, वर्षानुवर्षांची उमेदवारी. मुलांनी कार्यालयातील नोकरी पत्करली तर त्यांना दोष देता येत नाही. जपानने या संकटाची चाहूल लवकर घेतली. १९७४ मध्ये पारंपरिक हस्तोद्योगांसाठी कायदा झाला. त्याच्या अटी विचार करण्यासारख्या आहेत. वस्तू दैनंदिन वापराची हवी, मुख्य प्रक्रिया हाताची हवी, तंत्र आणि साहित्य शंभर वर्षांहून जुन्या परंपरेतले हवे; आणि त्या प्रदेशात किमान दहा उद्योग किंवा तीस कारागीर त्या कामात असले पाहिजेत. म्हणजे एकट्या प्रतिभावंताला हा कायदा ओळखत नाही, समूहाला ओळखतो. या कायद्याखाली एचिझेनला १९७९ मध्ये, साकाईला १९८२ मध्ये, तोसाला १९९८ मध्ये आणि सान्जोला २००९ मध्ये मान्यता मिळाली.

पण सरकारी मान्यतेच्या चिन्हाने बाजारात भाव मिळतो, वारस मिळत नाही. २०१३ च्या डिसेंबरमध्ये जपानी पाकपरंपरेचा समावेश युनेस्कोच्या यादीत झाल्यानंतर परदेशातून मागणी वाढली. पुष्कळ ठिकाणी मागणी इतकी झाली की घडविणारे हात पुरेनात. हा विचित्र प्रसंग आहे. पूर्वी कला मरत होत्या त्या ग्राहकाअभावी. येथे ग्राहक दाराशी उभा आहे आणि भट्टीजवळ माणूस नाही. पैसा ओतून लोहार वर्षभरात तयार होत नाही. धारकऱ्यांची संख्या घटली तर लोहाराने कितीही पाती घडविली तरी ती काळीच पडून राहणार.

एचिझेनच्या कारागिरांनी यावर काढलेला मार्ग अधिक आशादायक दिसतो. तेथे अनेक लहान कारखानदारांनी एकत्र येऊन ‘ताकेफु नाइफ व्हिलेज’ ही सामाईक कार्यशाळा उभारली. १९९३ पासून ती चालू आहे. यंत्रे सामाईक, छप्पर एक, पण प्रत्येकाची भट्टी आणि नाममुद्रा स्वतंत्र. पाहुण्यांना वरून काम पाहता येते. पूर्वी एका घराण्याची गुपिते दुसऱ्याला कळत नसत. येथे शेजारच्या ऐरणीवर काय चालले आहे ते नवशिक्याला दिवसभर दिसते. लोहाराच्या घरात न जन्मलेली तरुण मुलेमुली येथे शिकायला येतात. साकाईतही आता परदेशातून येऊन या व्यवसायात स्थिरावलेले काही जण आहेत. हे लोक घराण्याचे नाव चालवणार नाहीत, पण हात चालवतील.

दरवर्षी ८ नोव्हेंबरला जपानी लोहारांचा ‘फुइगो मात्सुरी’ असतो. फुइगो म्हणजे भाता. त्या दिवशी भात्याला विश्रांती देऊन पूजा करतात; खंडेनवमी पाळणाऱ्या घराला यात नवल वाटू नये. आणि तोक्योत उएनो येथील शिनोबाझु तळ्यातल्या छोट्या बेटावर, बेन्झाइतेनच्या मंदिराच्या आवारात, आचाऱ्यांनी उभारलेली एक शिळा आहे. तिचे नाव ‘होचो-झुका’, सुऱ्यांचे स्मारक. आयुष्यभर राबून झिजलेल्या सुऱ्यांप्रती कृतज्ञता म्हणून ती तेथे आहे. उन्हाळ्यात भोवतालचे तळे कमळांनी भरून जाते. शिळेला सोबत करणारी देवता बेन्झाइतेन हातात बिवा नावाचे तंतुवाद्य धारण करते. ती भारतातून चीनमार्गे तिकडे गेलेली सरस्वती आहे.